बातमीतला निर्णय आपल्या शाळेपर्यंत कसा येतो: सातपूरच्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सातपूर भागातल्या महापालिकेच्या शाळेत मुलगी तिसरीत शिकते. पट घटल्यामुळे ही शाळा जवळच्या दुसऱ्या शाळेत विलीन होणार, अशी चर्चा पालकांमध्ये आहे. पेपरात शाळांबद्दल रोज नवे निर्णय छापून येतात. हे ठरवणारं शिक्षण मंडळ कुठे भरतं, तिथे पालकाला बोलता येतं का, आणि विलीनीकरण अडवता येतं का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अडवता येतं, निदान त्याला वेगळं वळण तरी लावता येतं. पण बातमी छापून आल्यावर निवेदन घेऊन धावपळ करण्यात फार जोर नसतो. खरा जोर त्याआधीच्या काही महिन्यांत, शाळेच्या कार्यालयातल्या दोन-तीन कागदांत असतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, पुढे केंद्रप्रमुख झालो आणि आता शहरातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांबरोबर काम करतो. या कागदांवरून शाळा टिकताना आणि जातानाही पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्या शिक्षण मंडळाबद्दल विचारताय ते आता नाही. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली महापालिकांमध्ये शिक्षण मंडळं होती. त्यांना सभापती होते, सदस्य होते, स्वतःचं अंदाजपत्रक होतं. राज्य सरकारने २०१३ मध्ये तो कायदा रद्द केला आणि मुदत संपेल तशी ही मंडळं संपली. मात्र महापालिकेची जबाबदारी संपलेली नाही. प्राथमिक शिक्षण हे महानगरपालिका अधिनियमानुसार तिचं अनिवार्य कर्तव्य आहे. आता कारभार आयुक्तांच्या हाताखालचा शिक्षण विभाग पाहतो, त्याचे प्रमुख शिक्षणाधिकारी. पैशाचे विषय स्थायी समितीत आणि महासभेत जातात. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि १५ जानेवारी २०२६ ला निवडणूक होईपर्यंत सगळा कारभार प्रशासकांकडे होता. म्हणजे जवळपास चार वर्षं शाळेच्या प्रश्नावर सभागृहात उभा राहून बोलणारा कुणी लोकप्रतिनिधीच नव्हता. आता आहे. सभागृहाला विशेष समिती म्हणून शिक्षण समिती नेमता येते. तुमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना पहिला प्रश्न हाच विचारा, की शिक्षण समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, तिची पुढची सभा कधी.

पालकाला या सभांत बोलता येत नाही, पण विषयपत्रिका आणि इतिवृत्त मागता येतं. बातमीत फक्त ‘महापालिकेने ठरवलं’ असं आलं, की विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक विचारायचा. ऐनवेळी आलेल्या जादा विषयांत शाळांचे विषयही असतात आणि त्यांची चर्चा दोन मिनिटांत उरकते, म्हणून इतिवृत्त हातात असणं महत्त्वाचं.

बातमी वाचताना आधी बोलणारा कोण, हे पाहायची सवय लावा. मंत्र्यांची घोषणा, मंत्रालयाचा शासन निर्णय, पुण्याच्या शिक्षण संचालनालयाचं पत्र आणि महापालिकेचा ठराव या चारही गोष्टी पेपरात एकाच आकाराच्या मथळ्याखाली येतात, त्यांचं वजन मात्र सारखं नसतं. हिंदीचं उदाहरण घ्या. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी, असा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला. १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. शाळा उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. बातमीच्या भरवशावर ज्या पालकांनी मधल्या काळात शाळा बदलायचा विचार केला, त्यांनी उगाच मनस्ताप करून घेतला. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि तारखेसह असतो. तो उघडून वाचायचा. भाषा जड वाटली तर मुख्याध्यापकांसमोर बसून वाचायचा. तिथे काहीच सापडलं नाही, तर ती सध्या नुसती चर्चा आहे असं समजून चालायचं.

आता तुमची शाळा. विलीनीकरणाची कुणकुण लागली की पालक एकदम घाबरतात, म्हणून आधी एक फरक सांगतो. शहरात कित्येक ठिकाणी एकाच इमारतीत दोन वेगळ्या क्रमांकांच्या शाळा भरत आल्या आहेत, एक सकाळी आणि एक दुपारी. त्या कागदावर एक झाल्या तर मुलं कुठेही हलत नाहीत. एखाद्या मुख्याध्यापकाचं पद कमी होतं, पण मुलांना पूर्ण वेळ इमारत मिळते. अशा विलीनीकरणाला मी कधी विरोध केला नाही, तुम्हीही करू नका. मुलांना चालत दुसऱ्या इमारतीत जावं लागणार असेल, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा पहिली चौकशी हीच करा, की इमारत बदलणार आहे का.

बदलणार असेल तर कायदा तुमच्या बाजूने बोलतो. शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या. कार्यालयातला माणूस हे अंतर नकाशावर मोजतो, पण मूल रस्त्याने चालतं. सातपूरला आठशे मीटरवरची शाळा त्र्यंबक रोडच्या पलीकडे असेल आणि मधे औद्योगिक वसाहतीतल्या ट्रकांची ये-जा असेल, तर आठ वर्षांच्या मुलीसाठी ती शाळा जवळची नाही. आई-बाप दोघं पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेले असतात, सोडायला घरात कुणी नसतं. हे तोंडी सांगून कुणी नोंदवून घेत नाही. मुलांच्या येण्याजाण्याच्या वेळी रस्त्याचे फोटो काढा. कोणत्या चौकात सिग्नल नाही, कुठे पदपथ नाही, किती मुलांना रस्ता ओलांडावा लागेल, हे वस्तीवार लिहून काढा. अंतराचा मुद्दा सुरक्षिततेच्या तपशिलासह मांडलेला असला की फाइल पुढे सरकवणाऱ्यालाही त्यावर शेरा मारावाच लागतो.

हा प्रश्न फक्त सातपूरचा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरवलं होतं. २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे कमी पटाच्या शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत आणायची कल्पना पुढे आली, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांचा आकडा सरकारने दिला. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात भाम धरणाजवळच्या दरेवाडीची शाळा बंद झाली, तेव्हा तिथली मुलं शेळ्या-बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आली. दप्तर घ्या, बकऱ्या द्या, ही त्यांची घोषणा. शाळा नसेल तर आम्ही गुरंच राखायची ना, हा त्या लेकरांचा सरळ प्रश्न होता. शाळा लांब गेली की सगळ्यात आधी घरी कोण बसतं, ते त्या मोर्चात दिसलं. नकाशावर ते दिसत नाही.

पट कमी का होतो आणि मोजला कसा जातो, हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या विद्यार्थीसंख्येवर संचमान्यता ठरते, म्हणजे पुढे शाळेला किती शिक्षक मंजूर ते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. साठ आणि एकसष्ट यांत एकाच मुलाचा फरक असतो, आणि त्या एका मुलावर एका शिक्षकाचं पद उभं असतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक केले आणि त्याचा फटका मुख्यतः लहान शाळांच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना बसतो आहे. शिक्षक कमी झाला की दोन वर्ग एकत्र बसतात. ते पाहून पालक मुलं काढतात आणि पट आणखी घसरतो. विलीनीकरणाचा प्रस्ताव येतो तो इथे, सगळ्यात शेवटी.

या मोजणीत फक्त वर्गात बसलेलं मूल पुरत नाही. शिक्षण खात्याच्या पोर्टलवर त्याचं आधार वैध दिसावं लागतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोणत्याही मनपा शाळेच्या कार्यालयात जाऊन बघा. समोर जनरल रजिस्टर उघडं, शेजारी संगणकावर यादी, आणि काही नावांपुढे लाल खूण. जन्मदाखल्यावर ‘वैष्णवी’, आधारवर ‘वैश्नवी’. रजिस्टरला वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर फक्त आद्याक्षर. जन्मतारखेत दिवस-महिना उलटा. मूल रोज येतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण मोजणीत ते नसतं. बाई फोन लावत बसतात. पालक म्हणतात, साहेब सुट्टी देत नाहीत, रविवारी जातो. आणि रविवारी केंद्र बंद. अशी आठ-दहा नावं अडकली की एक शिक्षक गेला. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत हे जास्त होतं, कारण कुटुंबं भाड्याच्या खोल्या बदलतात आणि कागद कुठल्या तरी मूळ गावच्या पत्त्यावर असतात.

पेठ, सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला येणाऱ्या कुटुंबांची मुलं तर आणखी अडचणीत. ३० सप्टेंबरला त्यांचं नाव गावच्या शाळेत, आणि छाटणी सुरू झाली की मूल दिंडोरी-निफाडच्या बागेत. तिथल्या शाळेत ते बसतं, पण त्याच्यासाठी शिक्षक मंजूर झालेला नसतो. माझ्या मते मोजणी वर्षातून एकदाच करणं ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी उणीव आहे. ती दुरुस्त करणं तुमच्या-माझ्या हातात नाही, पण आपल्या शाळेतली लाल खुणेची नावं ऑगस्टमध्येच मिटवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीतल्या तीन-चार आयांनी गल्ल्या वाटून घेतल्या तर पंधरा दिवसांत काम होतं. मी हे होताना पाहिलं आहे. शाळा वाचवायचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

आता समितीबद्दल, कारण तुमचं शिक्षण मंडळ खऱ्या अर्थाने तीच आहे. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या जागांवर बायका असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा, मुख्याध्यापक सचिव. शाळा विकास आराखडा तयार करणं हे तिचं कायदेशीर काम आहे आणि शाळेला द्यायच्या निधीचा आधार हाच आराखडा असावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं? इतिवृत्ताची वही घरोघर सह्यांसाठी फिरते आणि आराखडा मागच्या वर्षीचाच उतरवून काढला जातो. दोष एकट्या मुख्याध्यापकांचा नाही, माहिती भरण्याच्या कामांखाली ते दबलेले असतात. पण सभेला न जाता सही देणाऱ्या पालकाला पुढे तक्रारीची जागा राहत नाही, हे स्पष्टच सांगतो.

ठराव कसा लिहायचा ते नीट दाखवतो, कारण इथेच सगळं अडतं. बहुतेक वह्यांत असं सापडतं: ‘शौचालयाच्या दुरुस्तीबाबत चर्चा झाली. वरिष्ठांना कळवावे असे ठरले.’ यावर कुणालाही काहीही करावं लागत नाही. तोच ठराव असा लिहा: ‘शाळेत मुलींच्या शौचालयाच्या चार सीटांपैकी दोन वापरण्यायोग्य नाहीत, पाण्याची टाकी फुटली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार मुलींसाठी स्वतंत्र शौचालय बंधनकारक आहे. तरी सदर दुरुस्ती ३१ ऑगस्टपूर्वी करावी, अशी मागणी ही समिती सर्वानुमते करते. ठरावाची प्रत शिक्षणाधिकारी, विभागीय अधिकारी आणि प्रभागातील नगरसेवक यांना देण्यात यावी.’ खाली सूचक, अनुमोदक, सह्या आणि सोबत फोटो. मग ती प्रत सातपूरच्या विभागीय कार्यालयात आणि शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात नेऊन द्यायची आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरून चाला. विलीनीकरणाविरुद्धचा ठरावही याच पद्धतीने: अंतर, रस्ता, मुलांची संख्या, समितीचं मत आणि मागणी. शाळेतल्या पालकांची सभा घेऊन तो मंजूर केलेला असेल तर वजन दुप्पट होतं.

वेळेचंही भान ठेवा. महापालिकेचं अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तयार होतं. त्यामुळे आराखडा डिसेंबरपर्यंत वरच्या कार्यालयात पोहोचलेला हवा. जूनमध्ये शाळा गळते म्हणून ओरड केली तर उत्तर मिळतं, तरतूद नाही. ते उत्तर खोटं नसतं.

बाकीच्या बातम्यांबद्दल थोडक्यात. सीबीएसईच्या धर्तीवरचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीला आला आहे आणि पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने येतील. शाळा राज्य मंडळाचीच राहणार, त्यामुळे काळजी नको. फक्त नवी पुस्तकं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण वेळेवर झालं का, एवढं सभेत विचारा. गणवेशाचा अधिकार डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला आहे. माप घेऊन, कापड हातात धरून बघून खरेदी करा आणि बिल वहीत लावा. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सीसीटीव्ही आणि सुरक्षेचे आदेश निघाले. कॅमेरा बसला की नाही यापेक्षा तो चालू आहे का आणि चित्रण कोण पाहतं, हे विचारणं जास्त गरजेचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ती परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल, असा त्याचा गाभा. तुमच्या मुलीचे शिक्षक सध्या या ताणात असतील, त्यांना समजून घ्या.

ठराव दिला, शिक्का घेतला, तरी कुणी दाद दिली नाही तर? शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ वापरा. मुलाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे महापालिकेकडे, करता येते. सर्व बाजूंना बोलण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. अर्जाच्या पहिल्याच ओळीत कलमाचा उल्लेख करा, नाहीतर तो साध्या तक्रार अर्जांच्या गठ्ठ्यात जातो. विलीनीकरणाचा प्रस्ताव, त्यामागचं अंतराचं मोजमाप आणि पटाची आकडेवारी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते, उत्तराची मुदत तीस दिवस. न्यायालयाचा मार्गही आहे. खासगी शाळांना शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांमधून सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली, तीही पालक आणि संघटनांनी याचिका केल्यामुळे. पण एका शाळेसाठी तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. कागद नीट असतील तर बऱ्याच गोष्टी शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावरच सुटतात.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण नाशिकच्या प्रत्येक समितीने तो आताच हाती घ्यायला हवा. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि अमृतस्नानं २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला. एवढ्या मोठ्या बंदोबस्तासाठी बाहेरून येणाऱ्या पोलिसांची आणि कर्मचाऱ्यांची राहण्याची सोय बहुधा शाळांच्या इमारतींतच करतात. ऐन पहिल्या सत्रात वर्ग बंद राहिले, मुलं महिनाभर गावी गेली आणि परत उशिरा आली, तर ३० सप्टेंबर २०२७ चा पट काय दिसेल याचा विचार करा. म्हणून समितीच्या येत्या सभेत ठराव घ्या: आमची इमारत सिंहस्थासाठी घेणार आहात का, घेणार असाल तर किती दिवस, वर्ग तेवढ्या काळात कुठे भरतील, खिचडी कुठे शिजेल आणि बुडालेले दिवस कसे भरून काढणार. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस शाळा भरवणं कायद्याने बंधनकारक आहे, तोही आकडा ठरावात घाला. ध्वजारोहणाआधी हा ठराव शिक्का मारून पोहोचला, तर इमारतींच्या याद्या करताना तुमची शाळा कुणाला गृहीत धरता येणार नाही.